नागपूरहून लुंबिनी, काठमांडू किंवा कोलंबोला जाताय? मोबाईल रोमिंगचं बिल आधीच आवरून ठेवा

नागपूरहून लुंबिनीला जाणाऱ्यांचा नेहमीचा रस्ता म्हणजे राप्तीसागर एक्सप्रेसने गोरखपूर, तिथून बसने किंवा जीपने सोनौली, आणि कमानीखालून पलीकडे नेपाळात भैरहवा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, भाषा बऱ्यापैकी कळते, दुकानांच्या पाट्या देवनागरीत असतात. त्यामुळे आपण परदेशात आलो असं वाटतच नाही. मोबाईलला मात्र ते लगेच कळतं. त्याच्या लेखी नेपाळ काय, भूतान काय, श्रीलंका काय आणि अमेरिका काय, सगळं आंतरराष्ट्रीय रोमिंगच. देशात फिरताना रोमिंगचे वेगळे पैसे पडत नाहीत. त्या सवयीने माणूस सीमा ओलांडतो आणि तिथेच फसतो.

मोठी बिलं बोलण्याने क्वचितच येतात. ती येतात फोन खिशात असताना आपोआप जे करत राहतो त्याने. म्हणून दर पाठ करण्यापेक्षा फोनमधलं काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं, हे नागपुरातच ठरवून घ्यावं.

पैसे नेमके कशाचे पडतात

परदेशी टॉवरवर गेल्यावर पाच गोष्टींचा हिशेब वेगवेगळा होतो: तिथल्या तिथे केलेला कॉल, भारतात केलेला कॉल, आलेला कॉल, पाठवलेला एसएमएस आणि डेटा. आलेला एसएमएस साधारणपणे फुकट असतो, आणि ओटीपीसाठी आपल्याला तेवढाच लागतो.

आलेल्या कॉलचे पैसे पडतात, हे बऱ्याच जणांच्या पचनी पडत नाही. नागपुरातून तुम्हाला फोन करणाऱ्याला तुम्ही नेपाळात आहात हे माहीतही नसतं. त्याच्याकडून नेहमीच्या स्थानिक कॉलचेच पैसे घेतले जातात. कॉल भारतातून नेपाळपर्यंत नेण्याचा खर्च मग तुमच्या खात्यावर पडतो. त्यात पल्स, म्हणजे हिशेबाचं सर्वांत लहान माप, मिनिटाची असेल तर ६५ सेकंदांचा कॉल दोन मिनिटांचा धरला जातो. समजा, इनकमिंगचा दर मिनिटाला ३० रुपये आहे. ‘पोचलात का, जेवलात का’ एवढ्यातच ६० रुपये गेले. कर्ज हवंय का विचारणाऱ्या कॉलचेही तेवढेच. अनोळखी नंबर उचलू नका.

डेटाची पल्स १० केबीची असते तेव्हा दर दिसायला अगदी किरकोळ वाटतो. १० केबीला १० पैसे, असं उदाहरणापुरतं धरू. एका एमबीत १०२ पल्स, म्हणजे साधारण १० रुपये. एका जीबीत सुमारे एक लाख पाच हजार पल्स, म्हणजे जवळपास साडेदहा हजार रुपये. पॅक नसताना डेटा चालू राहिला तर बिलाचा आकडा असा वाढतो.

तिसरी खाच फॉरवर्डिंगची. ‘उचलला नाही तर बायकोच्या नंबरवर जाऊ दे’ अशी सोय तुम्ही लावली आहे असं धरा. तुम्ही काठमांडूत आहात, फोन वाजतो, तुम्ही उचलत नाही. कॉल तोवर नेपाळच्या नेटवर्कपर्यंत पोचलेला असतो, आणि तिथून तो पुन्हा नागपूरला वळवला जातो. जाण्याचा एक खर्च आणि परतीचा दुसरा, असे दोन्ही तुमच्या खात्यात पडू शकतात. तुम्ही तर फोनला हातही लावलेला नसतो. ‘सगळे कॉल सरसकट वळवा’ या प्रकारात हे होत नाही, कारण तो कॉल भारतातच वळतो. ‘उचलला नाही’, ‘बिझी आहे’ आणि ‘रेंजमध्ये नाही’ या तीन अटींवरचं फॉरवर्डिंग काढून टाका. आपण काही लावलेलंच नाही असं समजू नका. मिस्ड कॉल अलर्टची सेवा बहुतेक वेळा अशाच फॉरवर्डिंगवर चालते. *#६१#, *#६२# आणि *#६७# डायल केलं की स्थिती दिसते. ##००२# ने सगळं एकदम निघतं. जिओवर त्यासाठी *४१३ आहे.

रोमिंग पॅक, तिथलं सिम की ई-सिम

दोन-तीन दिवसांची लुंबिनी-पोखरा फेरी असेल, हॉटेलात वायफाय असेल आणि घरी रोज एक व्हॉट्सअॅप कॉल एवढीच गरज असेल, तर भारतीय सिमवरचा सर्वांत छोटा पॅक घ्यावा आणि डेटा जपून वापरावा. सिम शोधत फिरण्यात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा ते बरं.

आठवडाभर किंवा जास्त राहायचं असेल, किंवा चार-पाच जणांचं कुटुंब असेल, तर एक स्थानिक सिम घ्यावं आणि बाकीच्यांनी त्याच्या हॉटस्पॉटवर चालवावं. हेच बहुधा सर्वांत स्वस्त पडतं. पन्नास जणांच्या यात्रा बसमध्ये प्रत्येकाने रोमिंग पॅक घेणं हा निव्वळ अपव्यय आहे. आयोजक, त्याचा मदतनीस आणि औषधपाण्याची गरज असलेले ज्येष्ठ यांचे फोन चालू राहिले तरी बसचं काम भागतं.

ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम, कोलंबोसारख्या ठिकाणी विमानाने जाणाऱ्यांना सोयीचं. फोनमध्ये ई-सिमची सोय आहे का, हे *#०६# डायल करून बघा. ईआयडी नावाचा लांब आकडा दिसला तर आहे. प्रवाशांसाठीची ई-सिम बहुतेक फक्त डेटाची असतात, त्यांना कॉलचा नंबर नसतो. प्रोफाइल उतरवायला इंटरनेट लागतं, म्हणून ते घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. क्यूआर कोड त्याच फोनच्या स्क्रीनवर उघडून स्कॅन करणं बऱ्याच फोनवर जमत नाही. तो दुसऱ्या फोनवर ठेवा किंवा कागदावर छापून घ्या.

यातला कुठलाही मार्ग घेतला तरी भारतीय सिम फोनमधून काढू नका. यूपीआय अॅप सिमशी बांधलेलं असतं. सिम निघालं की बरीच अॅप नोंदणी पुन्हा मागतात, आणि त्या नोंदणीसाठी त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो. स्थानिक सिम दुसऱ्या खाचेत टाका. फोनला एकच खाच असेल तर जुना फोन सोबत घ्या, स्थानिक सिम त्यात टाका आणि हॉटस्पॉट लावा.

निघण्याच्या आठवडाभर आधी

१. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. बहुतेक सिमवर ही सेवा मुळात बंद असते. कंपनीच्या अॅपमध्ये हा पर्याय सापडतो. नाही सापडला तर सीताबर्डी किंवा सदरमधल्या कंपनीच्या अधिकृत दुकानात आधार कार्ड घेऊन जा. रस्त्यावरच्या छत्रीखाली सिम विकणाऱ्याला यातलं फारसं काही करता येत नाही. हे काम शेवटच्या दिवसावर ढकलू नका. पोस्टपेडला कधी अनामत रक्कम मागतात किंवा क्रेडिट लिमिट वाढवावी लागते.

२. पॅकमध्ये देशाचं नाव आहे का, ते वाचा. ‘आशिया’ किंवा ‘ग्लोबल’ नावावर जाऊ नका. देशांची पूर्ण यादी उघडा आणि नेपाळ, भूतान, श्रीलंका, बांगलादेश यांतला तुमचा देश तिच्यात आहे याची खात्री करा. मग त्या देशातल्या भागीदार नेटवर्कची नावं टिपून ठेवा. नेपाळात नेपाळ टेलिकॉम आणि एनसेल, भूतानात बी-मोबाईल आणि ताशीसेल, श्रीलंकेत डायलॉग, एसएलटी-मोबिटेल आणि हच, बांगलादेशात ग्रामीणफोन, रॉबी, बांगलालिंक आणि टेलिटॉक आहेत. पॅक यांतल्या एखाद्याच नेटवर्कवर लागू असेल आणि फोन दुसऱ्याच नेटवर्कवर गेला, तर पॅक असूनही साधा महागडा दर लागू शकतो.

३. पॅकचा दिवस कधी सुरू होतो ते पाहा. काही पॅक रिचार्ज केल्याबरोबर सुरू होतात, काही परदेशी नेटवर्कवर पहिल्यांदा वापर झाला की. आधीच्या प्रकारचा पॅक नागपूर स्टेशनवर घेतला तर त्याचा एक दिवस गाडीतच जातो. ‘एक दिवस’ म्हणजे २४ तास की भारतीय वेळेप्रमाणे रात्री १२ पर्यंत, हेही बघा. तारखेवर चालणारा पॅक रात्री ११ ला सुरू झाला तर एका तासातच पहिला दिवस संपतो.

४. प्रीपेडवाल्यांनी मूळ प्लॅनची व्हॅलिडिटी तपासावी. रोमिंग पॅक हा मूळ प्लॅनच्या वर असतो. मूळ प्लॅन प्रवासात संपला तर सेवा बंद पडते, ओटीपीही येत नाहीत. परतीच्या तारखेनंतर निदान आठवडाभर पुरेल असा रिचार्ज करूनच निघा.

५. नंबर +९१ लावून साठवा. संपर्क यादीत दहा आकडी किंवा शून्याने सुरू होणारे नंबर असतील तर ते तिथून लागणार नाहीत. घरचा लँडलाईन ०७१२ ने साठवला असेल तर शून्य काढून +९१ ७१२ आणि पुढे नंबर असा करा. अधिकचं चिन्ह शून्याचं बटण दाबून धरलं की येतं. कस्टमर केअरचे छोटे नंबर परदेशातून बहुधा लागत नाहीत. रोमिंगवरून लावायचा पूर्ण नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून ठेवा, बँकेचाही.

६. नकाशे उतरवा. गुगल मॅप्समध्ये भैरहवा, लुंबिनी, बुटवल, पोखरा हा पट्टा निवडून ऑफलाईन ठेवा. जीपीएसला डेटा लागत नाही, त्यामुळे रस्ता नंतरही दिसत राहतो. तिकिटं, हॉटेलच्या पावत्या, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्राचे फोटो फोनच्या मेमरीत असू द्या. फक्त क्लाउडवर ठेवले तर ऐन वेळी उघडायला डेटा लागतो.

७. आपोआप चालणाऱ्या गोष्टी बंद करा. प्ले स्टोअरचं ऑटो-अपडेट, फोटोंचा बॅकअप, व्हॉट्सअॅपचा बॅकअप हे सगळं फक्त वायफायवर ठेवा. व्हॉट्सअॅपच्या स्टोरेज अँड डेटा विभागात रोमिंगसाठी वेगळी ओळ आहे, तिथल्या सगळ्या खुणा काढा. नाहीतर कौटुंबिक ग्रुपमधले सुप्रभातचे व्हिडिओ रोमिंगच्या दराने उतरतात. आयफोनवर वायफाय असिस्ट बंद करा. हॉटेलचं वायफाय ढिलं पडलं की ही सोय न विचारता मोबाईल डेटावर जाते.

यूपीआयबद्दलही इथेच सांगून टाकू. भूतान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या काही दुकानांत भारतीय यूपीआयने पैसे देता येतात. त्यासाठी अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करावे लागतात. तिथे असताना यूपीआय अॅपमधून लॉगआउट होऊ नका, ते काढून पुन्हा टाकू नका आणि फोन रिसेट करू नका. आणि फक्त त्याच्या भरवशावर जाऊ नका. रोख जवळ असू द्या.

सीमेवर

टॉवरच्या लहरींना कमान दिसत नाही. सोनौलीत भारताच्या बाजूला चहा पीत उभं असतानाच फोन नेपाळी नेटवर्क पकडू शकतो. रक्सौल-वीरगंज किंवा जयगाव-फुन्शोलिंगलाही तीच तऱ्हा. परत येताना उलट होतं. भारतात येऊन हॉटेलात झोपलात तरी फोन पलीकडच्याच टॉवरवर असू शकतो.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे, भूतान आणि बांगलादेशचं ३० मिनिटं. फोनची वेळ आपोआप बदलणारी असेल तर परदेशी टॉवरवर जाताच घड्याळ उडी मारतं. मनगटी घड्याळात ९:०० आणि फोनवर ९:१५ दिसले, तर तुम्ही कुठेही उभे असा, फोन नेपाळात आहे. गोरखपूरहून सुटणाऱ्या परतीच्या गाडीसाठी सोनौलीत गजर लावताना हे विसरू नका. श्रीलंकेची वेळ आपलीच आहे, तिथे ही खूण चालत नाही.

उपाय असा: सीमेच्या पाच-सहा किलोमीटर आधी सेटिंग्जमध्ये मोबाईल नेटवर्क उघडा, नेटवर्क ऑपरेटरची निवड स्वयंचलित वरून काढा आणि आपली भारतीय कंपनी हाताने निवडा. डेटा रोमिंग बंद असल्याची पुन्हा खात्री करा. काही अँड्रॉइड फोनमध्ये रोमिंग फक्त देशांतर्गत ठेवायचा पर्याय मिळतो, तो असेल तर वापरा. एवढी खटपट नको असेल तर सरळ विमान मोड लावा आणि पलीकडे पोचल्यावर काढा.

विमानाने जाणाऱ्यांना सीमा नाही, पण काही विमानांत आणि क्रूझ बोटींवर स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं. त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा वेगळे आणि बरेच चढे असतात. तुमचा नेपाळचा किंवा श्रीलंकेचा पॅक तिथे लागू नाही. विमान मोड लावलेला असू द्या.

पलीकडे पोचल्यावर

पॅक घेतला असेल तर आधी भागीदार नेटवर्क हाताने निवडा आणि थांबा. रोमिंगचे दर सांगणारा स्वागताचा एसएमएस येईल, पॅक सुरू झाल्याचाही येईल. दोन्हींचे स्क्रीनशॉट घ्या. दुसरा एसएमएस येईपर्यंत डेटा रोमिंग चालू करू नका. पॅक लागू होण्याआधी चाललेला डेटा साध्या दराने मोजला जाऊ शकतो. दहा-पंधरा मिनिटांत काहीच आलं नाही तर फोन एकदा बंद करून चालू करा. फोनवर ४जी ऐवजी ३जी दिसलं तर घाबरू नका, कॉलच्या वेळी फोन जुन्या नेटवर्कवर उतरणं रोमिंगमध्ये सर्रास घडतं.

डेटा किती लागेल याचा ढोबळ अंदाज असा. व्हॉट्सअॅपचा साधा कॉल मिनिटाला अर्धा एमबी, म्हणजे दहा मिनिटांना ५ एमबी. तोच व्हिडिओ कॉल केला तर मिनिटाला ५ एमबीच्या आसपास, म्हणजे दहा मिनिटांना ५०. गुगल मॅप्सवर तासभर रस्ता पाहिला तर ५ ते १० एमबी. रील्स किंवा यूट्यूब तासभर चालू राहिलं तर अर्धा जीबी ते एक जीबी आणि वरही. म्हणजे एक जीबीत घरच्यांशी आठवडाभर निवांत बोलता येतं, किंवा एक संध्याकाळ रील्स बघता येतात. मुलांच्या हातात हॉटस्पॉट देण्याआधी हे गणित त्यांना सांगा. हॉटस्पॉटवरच्या लॅपटॉपने विंडोज अपडेट सुरू केलं तर पॅक काही मिनिटांत संपतो. लॅपटॉपवर ते कनेक्शन मीटर्ड (मोजक्या डेटाचं) म्हणून नोंदवा.

हॉटेलच्या वायफायवरून नेहमीच्या डायलरने लावलेला कॉल फुकट असेल असं धरू नका. वायफाय कॉलिंग चालू असेल तर कॉल वायफायवरून जातो खरा, पण त्याचे पैसे कसे मोजायचे हे कंपनीच्या अटींवर ठरतं. काही ठिकाणी तो रोमिंग कॉलसारखाच धरतात. अटी वाचल्या नसतील तर वायफाय कॉलिंग बंद करा आणि व्हॉट्सअॅपवरूनच बोला.

स्थानिक सिम घेताना

काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर आणि कोलंबोच्या कटुनायके विमानतळावर पर्यटकांसाठी सिमचे काउंटर आहेत. रस्त्याने गेलात तर सीमेवरची टपरी टाळा आणि भैरहवा शहरातल्या कंपनीच्या दुकानात जा. सोबत पासपोर्ट, त्याची झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो ठेवा. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात आणि झेरॉक्ससह न्या, ते चालेल का हे काउंटरवर आधीच विचारा. ‘कागद नको, चालू सिम आहे’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. ते दुसऱ्याच्या नावावरचं असतं, कधीही बंद पडतं, आणि त्यावरून आधी काय झालं त्याचा त्रास तुम्हाला होऊ शकतो. बांगलादेशात सिमसाठी बोटांचे ठसे घेतले जातात, त्यामुळे तिथे स्वतः जावंच लागतं.

नेपाळात सिमची किंमत नेपाळी रुपयांत सांगितली जाते. भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०, हे प्रमाण ठरलेलं आहे. ‘४८० रुपये’ ऐकलं की लगेच विचारा, कुठले? नेपाळी असतील तर आपले ३०० झाले.

दुकानातून बाहेर पडण्याआधी चार गोष्टी करून बघा: एक कॉल, एक एसएमएस, वायफाय बंद ठेवून एखादं पान उघडणं आणि शिल्लक तपासणं. नेट चाललं नाही तर दोष बहुतेक एपीएन (नेट जोडण्याच्या) सेटिंगचा असतो, तो दुकानदारच नीट करून देतो.

मग दोन सिमची मांडणी नीट करा. मोबाईल डेटासाठी स्थानिक सिम निवडा, भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. त्यानंतर ‘डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेणे’ हा पर्याय शोधून बंद करा. आयफोनवर तो सेल्युलर डेटाच्या पानात सापडतो, अँड्रॉइडवर सिमच्या सेटिंगमध्ये. हा चालू राहिला तर डोंगरात स्थानिक सिमची रेंज गेली की फोन गुपचूप भारतीय सिमवर डेटा ओढतो. दुसरं सिम घालूनही बिल आलं असेल, तर कारण बहुतेक वेळा हेच निघतं. व्हॉट्सअॅप नवीन सिम पाहून नंबर बदलायचा का असं विचारेल. नाही म्हणा, जुन्या नंबरवरच ते चालू राहतं.

परतल्यावर, आणि बिल चुकलं तर

गोरखपूरला रेंजच नाही, अशी तक्रार ऐकू येते. नेटवर्कची निवड नेपाळी कंपनीवर अडकलेली असते. ती पुन्हा स्वयंचलित करा. घड्याळ जागेवर आलं का बघा. काढलेलं फॉरवर्डिंग हवं असेल तर लावा, आणि पुन्हा लवकर जायचं नसेल तर रोमिंग सेवा बंद करा.

पोस्टपेडवाल्यांनी पहिलं बिल साधं आलं म्हणून निश्चिंत होऊ नये. परदेशी कंपनीकडून वापराच्या नोंदी नंतर येतात, त्यामुळे शेवटच्या दिवसांचा वापर पुढच्या महिन्याच्या बिलात दिसू शकतो. दोन्ही बिलं तपशीलवार मागवून पाहा. नोंदींमधली वेळ तिथली आहे की भारतीय, हे आधी विचारून घ्या. मध्यरात्रीच्या आसपासचे पॅकचे वाद बऱ्याचदा या पंधरा मिनिटांच्या फरकातूनच निघतात.

चूक वाटली तर कस्टमर केअरकडे तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. सोबत पॅकची पावती, दोन्ही एसएमएसचे स्क्रीनशॉट आणि फोनमधल्या रोमिंग डेटा वापराच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा. हे शेवटचं पान महत्त्वाचं. फोन २० एमबी म्हणतो आणि बिल २०० म्हणतं, तेव्हा दाखवायला तेच असतं. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. तिथेही भागलं नाही तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. टेलिकॉम सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा ‘आमचा विषय तिथे चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.